आजोबांच्या होडीसाठी एक झाड

प्रति,
मा. वनरक्षण अधिकारी,
कार्बन करार कार्यालय, नदीमुख विभाग.

विषय : होडी कोरण्यासाठी एक काचिकामो झाड तोडू देण्याबाबत.
संदर्भ : आपल्या वनरक्षकांनी धक्क्यावर दिलेला तोंडी नकार.

महोदय,

मी, एडेल्मिरा रिवेरो, वराव जमातीच्या वस्तीतील नववीची विद्यार्थिनी, सविनय अर्ज करते. खरे तर हा अर्ज आजोबांचा. पण त्यांना लिहिता येत नाही आणि मला आता कुणालाही लिहायची भीती वाटत नाही.

१. आमच्यात माणूस गेला की त्याला त्याच्याच होडीत निजवून पुरतात. आजोबा निकासियो खूप आजारी आहेत, टांगलेल्या झोळीतल्या अंथरुणातून क्वचितच उठतात. घरात होडी एकच, त्यांची. तीच मला शाळेत नेते, तीच आईला मासळीला. दुसरी कोरायला झाड हवे, आणि करारापासून झाडतोड बंद आहे.

२. करार मला समजतो. दूरदेशीच्या विमानांचा धूर आमची झाडे पोटात घेतात, म्हणून ती तोडायची नाहीत. जंगलावरच्या माझ्या चित्राला आपल्याच हस्ते बक्षीस मिळाले होते, आणि जंगल वाचले पाहिजे, हे त्यात काढलेले मी आजही खरे मानते. पण बाई सांगत होत्या, विमाने पूर्वीइतकीच उडतात. त्यांनी एक फेरी सोडायची नाही आणि आम्ही होडी सोडायची, हे कसे? जग आमचेही आहे ना?

३. आपले रक्षक म्हणाले, "पोरी, तुला एक दिलं तर उद्या अख्खी वस्ती कुऱ्हाडी घेऊन येईल. म्हाताऱ्याला फळ्यांच्या पेटीत घाल की!" फळ्याही झाडाच्याच असतात, हे नम्रपणे निदर्शनास आणते.

४. आजोबांना कळले तेव्हा ते हसले. "मेल्यावर मला कुठं वल्हवायचंय गं? चटईत गुंडाळा. होडी शाळेत जाऊ दे." पण काल मी घरी आले तर ते कसेबसे धक्क्यावर येऊन होडीची आतली कड चाचपत बसले होते. मला बघून म्हणाले, "भेग पडलीय का बघत होतो." भेग कुठेच नव्हती.

५. एका झाडाच्या बदल्यात मी सांगाल तितकी रोपे लावीन. परवानगी आली नाही, तरी आजोबा त्यांच्या होडीतूनच जातील, असे आईने आणि मी ठरवले आहे. त्यांना सांगितलेले नाही. हा अर्ज मी त्याच होडीतून आणला आहे. ते गेल्यावर मला शाळेत जाता येणार नाही, आपल्याकडेही येता येणार नाही. तरी उत्तर आपल्या मोटारबोटीने पाठवावे, ही विनंती.

वाट पाहणारी, आपली नम्र,
एडेल्मिरा रिवेरो
दि. १४ जून