कुंपणाची हिरवी साडी

शुक्रवार, दिवेलागणीनंतर

लिहिल्याशिवाय आज झोप यायची नाही.

हरणं मेथी खातात म्हणून परसाच्या कुंपणाला जुन्या साड्या मीच बांधल्या. माळाच्या बाजूला ती हिरवी. आज संध्याकाळी काळवीट आलं आणि त्याची शिंगं तिच्यात अडकली. ते हिसके देत होतं, साडी आणखी आवळत होती. तेवढ्यात आमच्या कुत्र्यानं, मोत्यानं, धावत जाऊन त्याची मांडी फाडली. मी ओरडले, ढेकळं मारली, तरी तो सोडेना. मग हातातलं खोरं त्याच्या डोक्यात घातलं. एकदा घातल्यावरच त्यानं सोडलं होतं. मग दुसऱ्यांदा कशाला घातलं मी?

काळवीट हिसका देऊन सुटलं आणि शिंगांवर हिरवी साडी घेऊन लंगडत माळावर गेलं. जगेल का ते? मोत्या तिथंच, मिरचीच्या वाफ्यात मेला.

सासूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "त्याचं काय चुकलं गं? हरनं दिसली की तूच त्याला छू म्हनायचीस."

मी खोरं धुवून ठेवलं. मेथीला कुणाचंच तोंड लागलेलं नाही.