लेलँड काकांची जागा आणि डावा गार्ड

ग्रीन बे,
जानेवारीतला पहिला सोमवार

प्रिय व्हर्ना आत्या,

नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? दर हिवाळ्यात अ‍ॅरिझोनाच्या उन्हाने सांधे मोकळे होतात असं तू म्हणतेस, आणि होतही असतील, पण डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम ऊन करत नाही, तो तुलाच करावा लागतो. (हे बाबांनी लिहायला सांगितलं आहे. माझंही मत तेच आहे, पण तू विचारल्याशिवाय मी ते दिलं नसतं.) इकडे सगळे बरे आहेत. आईचा खोकला गेला. थंडीबद्दल मी काही लिहीत नाही, कारण कुणी थंडीचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस, आणि तू पत्र फाडलंस तर मला ते पुन्हा लिहावं लागेल.

तू सोपवलेलं काम झालं आहे, त्याचा हा वृत्तांत. फुटबॉलच्या मैदानात तुझ्या शेजारची लेलँड काकांची जागा, ते गेल्यावर, यंदाच्या मोसमात रिकामी राहिली, म्हणजे तिथे तुझा कोट बसला. नोव्हेंबरात टर्कीच्या जेवणानंतर तू जाहीर केलंस की पुढच्या मोसमापासून तिथे माणूस बसेल, आणि कोण, ते काकांच्या पद्धतीने ठरेल. यंदाच्या नवख्या खेळाडूंपैकी पुरस्कार कुणाला मिळायला हवा यावर घरात वाद व्हावा, आणि ज्याचं म्हणणं तुला पटेल त्याने तुझ्या शेजारी बसावं. माणूस कोणत्या नवख्याचं कौतुक करतो यावरून तो शेजारी बसवण्याजोगा आहे की नाही ते कळतं, असं काका म्हणायचे. वाद कळवायचं काम तू मला दिलंस, कारण मी पदरचं काही घालत नाही. म्हणून आधीच सांगते, की मी या जागेची दावेदार नाही. दावेदार दोन: बाबा आणि माझा चुलतभाऊ ड्वेन. बाबांना ती जागा किती हवी आहे ते तुला सांगायला नको. ते इतकी वर्षं मोसमी तिकिटांच्या प्रतीक्षायादीवर आहेत की यादी पुढे सरकते यावरचा त्यांचा विश्वास आता केवळ धार्मिक स्वरूपाचा उरला आहे. माझंही नाव चर्चच्या वहीत चढण्याआधी त्या यादीत चढलं होतं, असं आई सांगते.

शुक्रवारी मोठा बर्फ पडला (ही थंडीची तक्रार नव्हे, घटनेचं कारण आहे), आणि शनिवारी सकाळी मैदानातला बर्फ उपसायला नेहमीप्रमाणे गावाला बोलावणं आलं. आम्ही चौघे गेलो: बाबा, ड्वेन, मी आणि हॅल्वर नेस. हा हॅल्वर आमच्या कागद कारखान्यात वसंतात रुजू झाला. वाफेच्या नळ्या तो बघतो, यंत्रांची कंपनं मी बघते. तो मूळचा मिनेसोटाचा. त्याला न्यायचं कारण एवढंच, की गाडीत एक जागा शिल्लक होती आणि त्याच्याकडे स्वतःचं फावडं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तो जांभळी टोपी घालून आला. मिनेसोटाच्या संघाच्या रंगाची टोपी घालून आपल्या मैदानात जाणं योग्य नाही असं मी त्याला आदल्या दिवशी सांगितलं होतं. त्यावर दुसरी टोपी कान झाकत नाही, असं त्याचं उत्तर होतं. हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं.

वाद गाडीतच सुरू झाला. बाबांचा उमेदवार अर्थातच चेंडू फेकून डाव चालवणारा आपला नवखा क्वार्टरबॅक, कॉल्बी रेनो. त्यांचा मुद्दा असा, की ज्या गावात येऊन धडधाकट माणसं थंडीने रडतात, त्या गावात हा पोरगा उघड्या हातांनी चेंडू फेकतो. ड्वेनचा उमेदवार कॅरोलायनाकडून खेळणारा मार्क्विस टॉलिव्हर, जो एका हाताने झेल घेतो आणि मग नाचतो. ड्वेनने त्याला आपल्या फोनमधल्या खोट्या संघात (खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर मित्रांशी गुणांची चढाओढ करायचा खेळ) घेतलेलं आहे, आणि त्या संघामुळे यंदा प्रथमच तो मित्रांमध्ये ताठ मानेने बसतो. (हे कारण त्याने वादात मांडलं नाही. मी ते तुझ्या माहितीसाठी देते.) बाबा म्हणाले, नाचायचं असेल तर कुणाच्या लग्नाला जा. ड्वेन म्हणाला, काका, तुमच्या रेनोला चेंडू फेकल्यावर तो कुठे पडला ते लोकांनी सांगावं लागतं.

मैदानात आम्हाला काम मिळालं ते नेमकं तुमच्या बाजूला. तिथली पद्धत तुला माहीत आहे: आपल्या ओळीतला बर्फ ढकलत पायऱ्यांपाशी न्यायचा आणि घसरगुंडीवरून खाली सोडायचा. अडचण अशी झाली, की ड्वेन वरच्या ओळीत होता आणि बाबा खालच्या. ड्वेनला हातवारे केल्याशिवाय बोलता येत नाही, आणि हातात फावडं होतं. टॉलिव्हरचा प्रत्येक झेल तो दाखवी, आणि प्रत्येक झेलागणिक एक फावडंभर बर्फ बाबांच्या साफ केलेल्या ओळीत पडे. बाबांनी तो तसाच वर परत पाठवायला सुरुवात केली. बर्फ वर फेकायला जास्त जोर लागतो, त्यामुळे बाबांचे मुद्दे हळूहळू आखूड होत गेले. शेवटी ते नुसतं “रेनो!” म्हणत आणि फेकत. देखरेखीवरच्या बाई दोनदा शिट्टी वाजवून गेल्या.

या गडबडीत हॅल्वर एकटाच सरळ पुढे जात राहिला आणि तुमच्या दोन जागांपर्यंत पोचला. तिथे त्याने फावडं बाजूला ठेवलं आणि बाकावरचा बर्फ हातमोज्यांनी काढला, कारण फावड्याच्या कडेने अ‍ॅल्युमिनियमवरचे आकडे खरवडले जातात. हे मी पाहिलं. बाबांनीही पाहिलं. मग बाक कोरडा करून, दमल्यामुळे, हॅल्वर बसला. कुठे, ते तू ओळखलं असशील. सगळ्या मैदानात हजारो जागा मोकळ्या होत्या.

ड्वेनचं फावडं हवेत थांबलं. बाबा इतक्या हळू बोलले की मला काळजी वाटली.

“ए मिनेसोटा. ऊठ तिथून.”

हॅल्वर उठला आणि मागे वळून बाकाकडे पाहू लागला. “जागा ओली राहिली का?”

“ओली नाही. लेलँडची आहे.”

काकांबद्दल मी हॅल्वरला सांगितलेलं होतं, जागेचा आकडा सांगायचा राहिला होता. (चूक माझी. माहिती अपुरी दिली.) तो लाल झाला. आता मिनेसोटातल्या माणसांचं असं आहे, की त्यांना अपराधी वाटलं की माफी मागून भागत नाही, गोष्ट पूर्ववत करावी लागते. त्याने खाली वाकून दोन्ही हातांनी बर्फ उचलला आणि काकांच्या जागेवर परत घालायला लागला. व्यवस्थित थापून. तेवढ्यात देखरेखीवरच्या बाई तिसऱ्यांदा आल्या आणि ओरडल्या, “अहो, इथे बर्फ काढायला बोलावलंय, लावायला नव्हे! कुणाबरोबर आलाय हा?” बाबा म्हणाले, “माझ्याबरोबर नाही.” ड्वेन म्हणाला, “माझ्याबरोबर पण नाही.” मी म्हणाले, माझ्याबरोबर आहे. बाईंनी माझ्याकडे, मग टोपीकडे पाहिलं आणि शिट्टी न वाजवता निघून गेल्या.

यानंतर बाबांनी फावड्यावर हनुवटी टेकली. “बरं, बसलाच होतास तर आता बोल. त्या जागेवर बसून लेलँड कधी गप्प राहिला नाही. नवखा कोण?”

मी मानेने नको म्हटलं. हॅल्वरला ते दिसलं नाही, कारण टोपी खरोखरच सगळं झाकते. तो म्हणाला, “तुमचा डावा गार्ड. ओटिस फंचेस.”

गार्डचं नाव ऐकून ड्वेन हसला. तसा तो पुरस्कार गार्डला कुणी दिलेला ड्वेनला आठवत नाही, मलाही नाही. गार्डच्या हातात चेंडू येत नाही, समोरचा धिप्पाड माणूस क्वार्टरबॅकपर्यंत पोचू न देणं एवढंच त्याचं काम. हॅल्वर मात्र बोलतच राहिला, आणि तो इतकं सलग बोललेला मी प्रथमच ऐकला. रेनो चांगला आहे, पण त्याला उभं राहून विचार करायला वेळ मिळतो तो फंचेसमुळे. गार्डचं नाव तुम्ही ऐकता ते त्याची चूक झाली तरच. यंदा ते कुणी ऐकलं का? यंत्रातलं चांगलं बेअरिंग असंच असतं, ते आहे हेसुद्धा कुणाच्या ध्यानात येत नाही. (बेअरिंगचा मुद्दा मूळ माझा. मी तो कारखान्याच्या उपाहारगृहात मांडला होता. तो परवानगीशिवाय वापरला गेला. मी हरकत घेतलेली नाही.)

बाबांनी हॅल्वरकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी घसरगुंडीकडे पाहिलं.

घरी आईने गॅरेजमध्ये बूयाच्या रश्श्याची मोठी कढई चढवली होती. काकांच्या वेळेसारखा तो सकाळपासून रटरटत होता, आणि कोंबडी, बटाटे, वाटाणे यांत आता काही भेद उरला नव्हता. उरलेला वाद कढईभोवती झाला, पण त्यात नवीन मुद्दा एकही आला नाही, म्हणून तो देत नाही. हॅल्वर सरपण आणायला बाहेर गेला तेव्हा बाबा कढईतली पळी फिरवत म्हणाले, “मला एक सांगा. मिनेसोटाचा माणूस आमच्या गार्डचं कौतुक का करेल? आमच्या क्वार्टरबॅकचं केलं असतं तर समजलो असतो, तोंडदेखलं. पण गार्ड? एक तर हा हेर आहे, नाहीतर...”

“नाहीतर काय?” आईने विचारलं.

“नाहीतर काही नाही. मीठ दे.”

मतं घेतली तेव्हा बाबांचं रेनोला, ड्वेनचं टॉलिव्हरला आणि हॅल्वरचं फंचेसला पडलं. आईने स्वयंपाक करणाऱ्याला मत द्यायची सक्ती नसते असं सांगून अंग काढून घेतलं. मी वृत्तांत लिहिणार असल्याने मत दिलं नाही. म्हणजे निकाल लागला नाही, आणि तो तुझ्याकडे सोपवला आहे. कुणाचीही बाजू न घेता जे घडलं ते लिहिलं आहे.

गुडघ्याची काळजी घे. आईने विचारलं आहे की तुझ्या अंगणातलं निवडुंग तिने पाठवलेला नाताळचा लाल गोंडा अजून घालून आहे का.

तुझी,
कॉरिन

ता. क. बाजू घ्यायची नाही असं मी वर लिहिलं, ते पत्रापुरतं होतं. पत्र संपलं आहे. जागा बाबांना दे. त्यांचा उमेदवार चुकीचा आहे, पण तुझा गुडघा पायऱ्यांवर अडला तर ड्वेन फोनमध्ये पाहत असेल आणि बाबा तुझ्याकडे.

दुसरा ता. क. जागा दिल्याचं सांगायला तू बाबांना फोन करशील, तेव्हा त्याच फोनवर आणखी एक गोष्ट सांग. हॅल्वर आणि मी मे महिन्यात लग्न करतो आहोत. विचारलं मी, तो हो म्हणाला. बाबांना हे सांगायला मी तीन वेळा त्यांच्यासमोर बसले आणि तिन्ही वेळा आमचं बोलणं रेनोच्या खांद्यावर गेलं. त्यांनी नाही म्हटलं तरी लग्न होईल, पण मला त्यांनी नाही म्हणायला नको आहे. तुझं ते ऐकतात. क्रम महत्त्वाचा आहे: आधी जागा, मग लग्न. टोपीचा विषय काढू नकोस.

तिसरा ता. क. बाबांना रेनोबद्दलचं वर्तमानपत्रातलं कात्रण तुला पाठवायचं आहे, म्हणून पाकीट न चिकटवता स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवते आहे. ते दुसऱ्यांची पत्रं वाचत नाहीत, त्यामुळे चिंता नाही.

व्हर्ना,

कात्रण घातलं आहे. ही पोरगी जन्मात कधी पाकीट उघडं ठेवत नाही, म्हणून वाचलं. मी वाचलं हे तिला सांगू नकोस. तू ठरल्याप्रमाणे फोन कर, आधी जागा, मग ते दुसरं, आणि मी नीट दचकेन. त्या मुलाने लेलँडचा आकडा हाताने पुसला.

पुरस्कार गार्डलाच मिळायला हवा. पण हे ड्वेनच्या कानावर जाता कामा नये.

तुझा भाऊ,
नॉर्बर्ट