काच वर करून बसलेला माणूस

गव्हाण, रविवार दुपार

तीर्थस्वरूप हौसाआत्या, तुझ्या पायांवर निकेशचं डोकं, आणि ते थोडा वेळ तिथेच राहू दे, कारण वर करायला लाज वाटते. पत्र लिहायचं ठरवून महिना होऊन गेला. रोज बसतो, तेवढ्यात कुणीतरी हाक मारतं, किंवा कुणीच मारत नाही म्हणून का मारत नाही ते बघायला बाहेर जातो. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस की नुसती बाटली उशाशी ठेवून झोपतेस? कमळाकर आतोबांची तब्येत बरी असेल. तुमच्या रियाचं कॉलेज ठीक असेल (हे तिच्याच हाती पाठवतोय, रिया, फोडू नकोस). फोनवरच सांगितलं असतं, पण तुमचा फोन नेहमी आतोबा उचलतात. असो. इथे आता सगळे सुखरूप आहेत. मागच्या रविवारी नव्हते, म्हणजे मी तरी नव्हतो, तेच सांगायचंय.

झालं असं की त्याच्या काही आठवडे आधी तुळशीरामकाकाने, म्हणजे तुझ्या भावाने, मला गाडीचे वायपर आणायला पनवेलला पाठवलं. (गाडी तीच, पांढरी. नारळ तूच फोडला होतास, दुसऱ्या दणक्यात.) दुकान दुपारचं बंद. ऊन मरणाचं. समोर एका हॉलमध्ये पंखे फिरत होते म्हणून आत गेलो, तर साहित्य आणि सिनेमा यांतून माणसाची ओळख, असं काहीतरी भाषण चालू होतं. मी चहापर्यंत थांबायचं ठरवलं. एक बाई फार छान बोलत होत्या. म्हणाल्या, मी कोण हे माणूस जन्मभर शोधतो आणि बऱ्याचदा ते त्याला स्वतःत नाही, दुसऱ्याच्या गोष्टीत सापडतं. मला एकदम पटलं, कारण मला तर हा प्रश्न गावात रोज विचारतात, फक्त "तू करतोस काय रे नक्की?" अशा शब्दांत. कंटेनर यार्डात होतो, गोव्याला दोन महिने होतो, लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात होतो (चिक्कीचं तुला वेगळं सांगेन, तिथला मालक झोपेत भाव सांगायचा). उत्तर कुठेच मिळालं नाही. बाई पुढे म्हणाल्या, ज्याला खूप दिवस जवळून बघितलंय त्याच्यावर लिहा. नाव बदला, गाव बदला. बाकीचे ओळखतील, तो स्वतः कधीच ओळखत नाही. मग समोसे आले. वायपर राहिले ते राहिलेच.

घरी येईपर्यंत गोष्ट तयार. एक माणूस असतो. शेत गेलं, त्याच्या पैशातून मोठी गाडी आली, पण तिने जायचं कुठे? सकाळी आंघोळ करून तो दारातच उभ्या गाडीत जाऊन बसतो. काचा वर, एसी चालू. आत त्याला कुणी काही विचारत नाही. शेजारच्या सीटवर गोणपाटात गुंडाळलेला जुना विळा. दुपारी बायको खिडकीतून ताट देते, तो काच खाली करतो, ताट घेतो, काच वर करतो. बस. मिथुनला सांगितलं (मिथुन म्हणजे हळदीचे आणि क्रिकेटचे व्हिडिओ काढतो तो, त्याच्याकडे ड्रोन आहे आणि तो कुठेही उडवायची त्याला हौस आहे). तो बोलला, "मग पुढं काय होतं?" मी बोललो, काही नाही होत. "मंग बराबर हाय," बोलला, "आर्ट फिल्म हाय."

गाडीसाठी काकाला विचारलं. काका हो बोलला, पण त्याच्या सीटवर दुसरं कुणी बसलेलं त्याला चालत नाही. सीटचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही, तुला माहीत आहे. म्हणून हिरो काकाच झाला. त्याला गोष्ट सांगितलीच नाही. नुसतं बसायचंय, एवढंच सांगितलं. "त्यवढं जमतं आमाला," काका बोलला, आणि आत्या, खोटं नाही सांगत, असं बसला की मिथुन ड्रोन उडवायचा विसरला. ताट द्यायला काकी होती, पण तिचा चेहरा घेतला नाही. फक्त हात आणि हिरव्या बांगड्या.

आता माझं दुर्दैव असं की मिथुनने ती फिल्म आपल्या गावच्या टेनिस क्रिकेटच्या सामन्यांत दाखवायचं ठरवलं. सेमीफायनल संपली की जेवणाची सुट्टी, आणि मोठा एलईडी स्क्रीन नाहीतरी भाड्याने आणलेलाच असतो. सगळं गाव मैदानात. काका पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या सोफ्यावर, टोपी घालून. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. काका स्वतःला बघणार होता, सगळ्या गावासमोर, कुठेच जायला नसलेला माणूस म्हणून. मला घराबाहेर काढलं तर ठीक, माझं सामान एका पिशवीत मावतं. पण काका दुखावला तर तो बोलून दाखवणाऱ्यातला नाही, नुसता जेवण कमी करतो. मी पिचवर फिरवायच्या रोलरच्या मागे जाऊन बसलो.

त्यात कॉमेंट्रीला हरेश. त्याच्या हातात माईक असला की तो थांबत नाही, समोर मॅच असो की नसो. "तुळशीरामशेठ क्रीजवर आलेले हाईत, दरवाजा उघडलेला हाय, सावध सुरुवात! पहिली दहा मिनिटं एकही धाव नाय!" गाव पोट धरून हसत होतं. मग ताटाचा सीन आला. बांगड्यांचे हात, काच खाली, काच वर. हरेश बोलला, "वैनी एंडवरून..." आणि गप्प झाला. आत्या, हरेश गप्प झाला. मैदानात फक्त जनरेटरचा आवाज. मी रोलरमागून डोकं वर केलं तर सोफा रिकामा. काका उठून गेला होता.

फायनल कोण जिंकलं मला विचारू नकोस. मी घराकडे निघालो. काका ओट्यावर बसला होता. माझ्याकडे बघितलं आणि बोलला, "बंपर धुवाला पायजे व्हता. धूळ दिसली." मी बोललो, हो काका. तो बोलला, "पन तो मानूस कोन रं? लय एकटा हाय बिचारा." मला रडू येतंय की हसू ते कळेना. बाई बोलल्या होत्या तसंच, अक्षर न् अक्षर. मग ऐक, त्या संध्याकाळपासून माणसं एकेकटी येतायत. खडीवाला धर्मराज मला नळाजवळ बाजूला घेऊन हळूच बोलला, "तू मना कंदी बघलंस रं गाडीत?" शाळेसमोरच्या बंगल्यातला कुमारशेठ बोलला, माझी गाडी पण दाखवायची होतीस, तिची काच जास्त काळी आहे. कुणी रागावलं नाही. सगळ्यांना वाटतं आपल्यावरच आहे, एका काकाला सोडून. आणि काल काय झालं, काका सकाळी गाडीत बसला, पण नुसता बसून राहिला नाही, काकीला हॉर्न मारून बोलावलं आणि दोघं मोऱ्याच्या बंदरावर बोंबील आणायला गेली. प्लॅस्टिकवर पाणी सांडलं, गाडीला वास मारतोय, आणि काका काही बोलला नाही. छातीवरचं ओझं उतरलं बघ. सगळ्यांना नमस्कार.

तुझा,
निकेश

ता. क. आता मुद्द्याचं. फिल्म काकावर नाही, धर्मराजवर नाही. गणपतीनंतर मी तुझ्याकडे राहायला होतो ना. गाडीच्या खिडकीतून ताट देणारे तुझे हात मी रोज ओसरीवरून बघायचो. नाव बदललं, गाव बदललं, गाडीचा रंग बदलायचा राहिला (आपल्याकडे सगळ्यांच्या पांढऱ्याच, मला वाटलं चालेल). विळा तर बदलायचं सुचलंच नाही. मिथुनने फिल्म यूट्यूबवर टाकली आहे आणि तुमचा फोन दिवसभर आतोबांबरोबर गाडीत असतो. तेवढा काहीतरी निमित्त करून त्यांच्याकडून काढून घे. गुडघ्याच्या डॉक्टरचा फोन येणार आहे असं सांग.

ता. क. आतोबांची बघून झाली असेल तर सांग की काकावर आहे. काकाची हरकत नाही, त्याला माहीतच नाही.

ता. क. रियाला आता पत्र देण्याची गरज नाही बहुतेक. दारात पांढरी गाडी येऊन उभी आहे, काकाच्या गाडीला नाक लावून. आतोबा. तुमच्या आपटा गावाहून इथवर एकटे आले, गेल्या वर्षभरात गाडी तुमच्या फाटकाबाहेर निघालेली मी बघितली नव्हती. उतरत नाहीत. हॉर्न पण मारत नाहीत. काच वर आहे, पण आत्ता त्यांनी शेजारच्या सीटवरचं गोणपाट उचलून मागे ठेवलं आणि त्या बाजूचा दरवाजा आतून उघडला. माझ्याकडेच बघतायत. जातो. काकी विचारतेय, ताट एक नेऊ की दोन.