गयाबाईची साखर

जालना, बुधवार, १२ नोव्हेंबर १९५८

चूक माझीच. पण नेमकी कुठे, ते अजून कळत नाही.

आमच्याकडे भांडी घासणारी गयाबाई रोज संध्याकाळी साखरेची पुडी विकत घेते. पुडीमागे तो लबाड दुकानदार किती कमावतो, हे मी तिला वर्षभर ऐकवत होते. महिन्याचं सामान एकदम भरावं, हे मला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं आणि मी शाळेतल्या मुलींना, निवृत्त होईपर्यंत. शेवटी आगाऊ पगार देऊन तिला महिन्याची साखर घ्यायला लावली. दहा दिवसांत डबा रिकामा! आणि उद्या तिच्या मुलीला बघायला बदनापूरचे पाहुणे येणार.

"एवढी साखर खाल्लीस की काय गं?" मी कडाडले.

"मी कशाला खाऊ, बाई? शेजारीण वाटी घेऊन येती. घरात असल्यावर न्हाई कसं म्हणू? पोरीच्या तापात तिनंच दूध दिल्तं. पुडी असली की मंग कुणी मागतच न्हाई."

म्हणजे दुकानदाराला ती जास्तीचे पैसे देते ते कशाचे? माझ्या कपाटाला कुलूप आहे, तसं त्याचं दुकान हेच तिचं कुलूप? पण माझ्या दारात वाटी घेऊन कधी कोणी आलंच नाही. कुलपामुळे? की मीच कधी कोणाकडे वाटी नेली नाही म्हणून?

मी तिला डबाभर साखर देऊ केली.

"राहू द्या इथंच. उद्या पाहुणे आले की वाटी घेऊन येते."

उद्या दुपारी बाहेर जायचं होतं. जाणार नाही.