नववा नियम

२ जून १९९४, गुरुवार

तंजावूरला पोचले. साताऱ्याहून इथवर तीन गाड्या बदलल्या, एकही वेळेवर नव्हती. रघुराम मात्र स्टेशनवर ऑटो घेऊन वेळेवर उभे होते. जावयाचा हा गुण मला पहिल्यापासून आवडतो. कीर्तना सहा वर्षांची झाली. डोक्यात अबोली, तोंडात तमिळ. मला पाट्टी म्हणाली. आजी म्हणायचं, असं सांगितलं. हसली आणि पुन्हा पाट्टीच म्हणाली. लेक जाऊन चौदा महिने झाले. आता या पोरीला वाढवायचं, एवढंच काम उरलं आहे आणि ते मी नीट करणार आहे.

गल्ली झकास. चौदा घरं, सगळी मराठी. बोलणं माझ्या पणजोबांच्या काळातलं, वर तमिळ हेल; देवनागरी मात्र फारसं कुणाला वाचता येत नाही. संध्याकाळी रहिवासी संघाचे अध्यक्ष सीतारामराव आले. निवृत्त सर्व्हेअर, इस्त्रीचं धोतर. नियमांची इंग्रजी झेरॉक्स प्रत माझ्या हातात दिली आणि पोच म्हणून सही घेतली. एकतीस वर्षं नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात काढली. मागितल्याशिवाय कुणी नियम हातात ठेवल्याचं हे पहिलंच उदाहरण. माणूस आवडला.

५ जून, रविवार

नियम अकरा आहेत. कचरा सातच्या आत. रस्त्यावर स्कूटर धुवायची नाही. केबलच्या तारा रस्त्यावरून आडव्या न्यायच्या नाहीत. सगळे पाळतात. गटार इतकं स्वच्छ की आमच्या सभापतींना आणून दाखवावं.

नववा नियम तेवढा खुळचट आहे. अकरा नंबरचं घर कायमचं बंद असतं. त्याच्या दारापुढे रोज सकाळी एका घराने पाळीने कोलम, म्हणजे इकडची पिठाची रांगोळी, काढायचा. हाताने, एकाच रेघेचा, जिथून सुरू केली तिथेच येऊन मिटणारी रेघ. दुसरी कसलीही आकृती नको. पावलं तर मुळीच नकोत. दुपारी बारा ते दोन त्या दारासमोर कुणी थांबायचं नाही.

सीतारामरावांना कारण विचारलं. आजोबांनी सांगितलं, आम्ही विचारलं नाही, म्हणाले. मी म्हटलं, सर्व्हेअर होतात ना, आजोबांनी सांगितलं म्हणून नकाशावर नदी काढत होतात का? त्यांची बायको कमलाक्षीबाई पदरात हसली. ते हसले नाहीत.

११ जून, शनिवार

लेकीची ट्रंक उघडली. आठ दिवस टाळत होते.

वरच माझं पत्र. नवव्या नियमाचा जाच होतो, असं तिने सव्वा वर्षापूर्वी लिहिलं होतं, त्याचं उत्तर. माझंच अक्षर: "ज्या नियमाचं कारण सांगता येत नाही तो शिकलेल्या माणसाने पाळू नये." वाक्य आजही बरोबर वाटलं.

पत्राखाली रांगोळीचा पत्र्याचा छाप, लक्ष्मीच्या पावलांचा. मीच दिवाळीला पाठवला होता. डाव्या करंगळीपाशी पत्रा फाटला आहे, तिथे रांगोळीचा जादा ठिपका पडतो. परवा आपली पाळी आहे. गुडघे धरलेत, ओणवं बसून रेघा ओढणं मला जमायचं नाही. छाप आहे की.

१३ जून, सोमवार

पाच मिनिटांत काम झालं. रस्त्यापासून अकरा नंबरच्या उंबऱ्यापर्यंत सात पावलं, आत जाणारी. बंद घरालाही लक्ष्मी येऊ दे. कमलाक्षीबाईंनी पाहिलं. हातातली घागर खाली ठेवली आणि आत गेल्या. दुपारपर्यंत गल्लीतली सगळी दारं बंद. कुणी येऊन हटकलंही नाही.

१४ जून, मंगळवार

आज पाळी दुसऱ्यांची होती, त्यांनी मिटता कोलम काढला. सकाळी मी पाहिला. दुपारी दोनला कीर्तनाला शाळेतून घेऊन येताना कोलम विस्कटलेला. त्यावरून सात पावलं. बोटं रस्त्याकडे. घरातून बाहेर आलेली.

करंगळीपाशी जादा ठिपका.

छाप माझ्या कपाटात आहे. किल्ली कमरेला आहे. तरी दोनदा उघडून पाहिला.

१५ जून, बुधवार

पावलं आठ नंबरपर्यंत. कुणाचा तरी वात्रटपणा. संघाला लेखी तक्रार दिली. सीतारामरावांनी ती घेतली, वाचली आणि आपल्या फायलीतून माझ्या सहीची पोच काढून माझ्यापुढे ठेवली. तुम्हाला लेखी दिलं होतं, एवढंच म्हणाले. आवाजात राग नव्हता. रिकाम्या खुर्चीशी बोलावं तसं बोलले.

पावलं मी स्वतः पाण्याने धुतली. रस्ता वाळताच तशीच वर आली.

१६ जून, गुरुवार

सहा नंबर. रोज बारा ते दोनच्या मध्ये पुढे सरकतात. आज मी बाराला दारात उभी राहिले. ऊन, धूळ, दुसरं काही नाही. डोळे मिटले असतील तर एकदाच. पाच पावलं वाढली होती.

१७ जून, शुक्रवार

आमच्या पायरीवर.

कमलाक्षीबाईंकडे गेले. दार किलकिलं करून बोलल्या. तुमच्या लेकीनेही एकदा तोच छाप उमटवला, म्हणाल्या. अंगात कणकण होती, बँकेत जायची घाई होती, आणि आईचं पत्र आलं होतं. पावलं तिच्या घरात शिरली आणि कीर्तनाच्या अंथरुणाकडे वळली. ते घरातलं सगळ्यांत लहान माणूस धरतं. लेक पोरीच्या आणि पावलांच्या मध्ये जाऊन बसली. दोन वाजता बसल्या जागीच गेलेली सापडली. डॉक्टरांनी हृदय लिहिलं. पावलं परत फिरली.

मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंत? त्यांनी उलट मलाच विचारलं, तुम्ही ऐकलं असतंत?

रघुरामना यातलं काही ठाऊक नाही. ते पापनाशमला ऑफिसात होते.

१८ जून, शनिवार

पावलं घरात आली. स्वयंपाकघर ओलांडून कीर्तनाच्या पलंगाकडे. दोन हात अंतर उरलं होतं तेव्हा दोन वाजले.

पोरगी पलंगापाशी जमिनीवरच खेळत होती. पाट्टी, कोलम कुणी काढला, म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी.

खोटं नव्हतं ते.

१९ जून, रविवार

कीर्तनाला घेऊन रघुराम तिरुवैयारुला आत्याकडे गेले. मी हुकूम सोडला. आठ दिवस परत यायचं नाही, काही झालं तरी नाही. का, म्हणून त्यांनी विचारलं. तीनदा विचारलं. शाळा बुडते, म्हणाले.

सांगता आलं असतं. पण मग पत्राचंही सांगावं लागलं असतं. तुमची बायको माझ्या एका वाक्याने गेली, हे जावयाच्या तोंडावर बोलायला जीभ रेटली नाही. मी म्हटलं, मोठ्यांनी सांगितलं की ऐकावं.

सीतारामरावांसारखाच आवाज लागला माझा.

ऑटोत बसताना कीर्तना रडत होती. पाटी-दप्तर घरीच राहिलं.

आज दुपारी पावलं हलली नाहीत. पलंग रिकामा आहे. थांबून आहेत.

२० जून, सोमवार. साडेअकरा

ठरलं. घरात आता मी एकटी, म्हणजे मीच सगळ्यांत लहान. पलंगापुढे खुर्ची टाकून बसले आहे. लेक बसली होती तिथेच. मला घेऊन परत जाईल. एकसष्ट वर्षं पुष्कळ झाली. छाप दगडाने ठेचून टाकला आहे. नववा नियम मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवला आहे, कारणासकट. रघुरामनाही पत्र लिहिलं. त्यात सगळं आहे. टेबलावर आहे.

बारा दहा

हललं. एक पाऊल. रांगोळी जमिनीतून वर येते, पिठात ओल चढावी तशी. आधी टाच, मग बोटं, मग तो ठिपका.

बारा वीस

खुर्चीपासून हातभर. गार लागतं आहे. भीती वाटते. लिहिलं की हात स्थिर राहतो. कीर्तना चौदा मैलांवर—नाही, आठ. आठच आहेत. पण लांब आहे. पुरे आहे.

बारा पस्तीस

माझ्या पायांपाशी येऊन थांबली. ये म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

बारा चाळीस

वळली.

माझ्या पायांपाशी टाचा आहेत. बोटं दाराकडे. असं का—घरात कुणी नाही, मीच—

बाहेर ऑटो थांबला. रघुरामचा आवाज. दप्तर न्यायला आलो, म्हणतात, पोरगी ऐकेचना, आणि तुम्ही कारणही—

पावलं दाराशी गेली. उठता येत नाही. पाय उचलत नाहीत. ओरडते आहे, आवाज—

छोट्या चपला पायरीवर. आजी, म्हणाली. आजी. इतकी स्वच्छ हाक, पहिल्यांदा—

कीर्तना, आत येऊ न