दहा मोजायचे होते

१६ ऑक्टो. २०११, स्कारबरो, कॅनडा
बेसमेंट मिळालं. घरमालक म्हणजे आफ्रिकेतल्या टांगानिकाचा म्हातारा. त्यांच्यात वडीलधाऱ्याला म्झे म्हणतात, मीपण म्हणतो. मुलगी ग्रेस. तिची एकच अट: रोज संध्याकाळी म्झेपाशी बसायचं, बोलेल ते वहीत उतरवायचं. ९ डिसेंबरला त्यांच्या स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होतात, त्यांच्या मंडळाच्या हॉलमध्ये वाचायचंय. म्झेचं विसरणं वाढलंय. मला काय, कॉलेज सोडल्यापासून वेळच वेळ.

१८ ऑक्टो.
म्झेचे आजोबा जर्मनांचे हमाल. बाप इंग्रजांच्या घायपाताच्या मळ्यात. म्झे स्वतः जिल्हा कचेरीत वायरमन. सरकारी नोकराला स्वातंत्र्यवाल्यांच्या पक्षात जायची बंदी, ह्याच्याकडे पक्षाचं कार्ड. कुठे लपवलं? साहेबाच्याच फ्यूजबॉक्समध्ये. "तिथे तो हात लावायचा नाही. शॉकला घाबरायचा." हसता हसता खोकला.

२३ ऑक्टो.
मधे दांडी. जुनी सायकल बघायला गेलो, तिथल्याच एकाबरोबर मासे पकडायला. म्झे: "आले का पर्यटक?"
मग १९६१ ची ती रात्र. बाराला मैदानातले लाइट बंद. अंधारात इंग्रजांचा झेंडा खाली, उतरताना दिसू नये म्हणून. मग लाइट, यांचा झेंडा वर. मेन स्विचवर म्झे. साहेब म्हणाला, दहा मोज आणि लाव.
दहा मोजले. लावले नाहीत. मोजतच राहिला, शंभरच्या पुढे. अख्खं मैदान अंधारात, गप्प.
का?
"उद्या सांगतो. चहा टाक."

२४ ऑक्टो.
सकाळी कॉलेजातल्या मिलिंदचा फोन. रेजिनात काम आहे, गाडीत एक सीट आहे. गेलो. वही बॅगेतच राहिली.

१२ नोव्हें., रेजिना
काम म्हणजे गोदामातली खोकी, आणि दारातला बर्फ शोव्हल करणं. ग्रेसचा मेसेज तीन दिवस उघडला नव्हता. आज उघडला. म्झेला स्ट्रोक. वाचा गेली, एक बाजूही.
जेवलो. झोपलो.

२० नोव्हें., स्कारबरो
दोन दिवस बसने. ग्रेस दारातच: "डिड ही टेल यू व्हाय?" नाही म्हटलं. तिला कधी सांगितलं नव्हतं, तिच्या आईलाही नाही. "ही सेड, त्या वहीवाल्याला सांगेन."
म्झेसमोर बसलो. विचारत गेलो. आनंद झाला म्हणून? भीती? साहेबाची जिरवायची होती? चहा केला, चमच्याने पाजला.

५ डिसें.
कारण मीच लिहून टाकलं. डोळे भरून आले, स्विच दिसेना वगैरे. लोक टाळ्या वाजवतील. छान दिसत होतं.
पान फाडलं.

९ डिसें.
हॉल भरलेला. वही वाचली, जिथे थांबते तिथपर्यंत. मग तोच प्रसंग करून दाखवायचा होता, संध्याकाळी सातला. स्विचपाशी मी, शेजारी व्हीलचेअरमध्ये म्झे. ग्रेसने बजावलं, "फक्त टेन, ओके?"
लाइट बंद केले. पोरं खिदळली, मग तीही गप्प.
दहा झाले. म्झेचा चांगला हात माझ्या मनगटावर आला. दाबलं नाही, ओढलं नाही. नुसता होता. मी मोजत राहिलो. साठनंतर आकडे चुकले.
लाइट कधी लावले, आठवत नाही.
परतताना गाडीत ग्रेस म्हणाली, "यू टू? का थांबलास?"
मागच्या सीटवर म्झे जागा होता.
म्हटलं, उद्या सांगतो.