नवरीच्या जेवणाची बदकं

कफ्र नख्ला, फयूम
ता. ४ फेब्रुवारी १९७९

चि. बुसैनास,
आईचे अ. उ. आ. लेखणी माझ्या हातात, म्हणून सौसनचाही सलाम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. खारग्याच्या धुळीने तुला खोकला झाला हे वाचून दाखवल्यापासून आईला घास गोड लागत नाही. पेरूची पानं उकळून ते पाणी पी म्हणते. सरकारने मुलीला मास्तरीण करून वाळवंटात पाठवावं आणि तिथे पेरूचं झाड असू नये, याचा राग ती माझ्यावर काढते.

दुसरी बातमी वाईट आहे. आपल्या गच्चीवर नवरीबाई येऊन गेली. तिचं खरं नाव आई मला लिहू देत नाही, पण तुला कळलंच असेल. तीच ती लांबोडकी, तांबूस, मुंगसाची धाकटी बहीण शोभावी अशी. सकाळी आई दाणे घेऊन वर गेली तर चार कोंबड्या आडव्या. मानेवर दातांच्या खुणा, बाकी पिसालाही धक्का नाही. खायच्या तरी होत्या मेलीने! (हे ‘मेलीने’ आईला वाचून दाखवलेलं नाही.)

आईच्या मते चूक माझी. आदल्या दिवशी मी तिला भिंतीवरून पळताना पाहिलं आणि चोरटी, सटवी असं काय काय म्हणाले. ठरलेलं लग्न मोडल्यामुळे जी जनावर झाली, तिला आणखी बोल लावले तर ती सूड घेणारच, असं आई म्हणते. मग आईने भिंतीशी उभं राहून तिची माफी मागितली. बाई गं, तू देखणी, तुझ्या डोळ्यांत जन्माचं काजळ, आमच्या पोरीला अक्कल नाही, तू आपली उम्म वहीदाच्या गच्चीवर जा, तिच्या कोंबड्या जास्त चरबीच्या आहेत. बिचारी उम्म वहीदा! लेक वहीदाबरोबर दोन घरं सोडून राहते, तिला काही ऐकू गेलं नसेल अशी आशा.

आईला काळजी आहे ती माझ्या लग्नाच्या रात्रीच्या जेवणाची. गहू निघाल्यावर लग्न. आईने भरवून वाढवलेल्या बदकांची झाकलेली ताटं आपल्या दारातून रजबच्या घरी जाणार आणि तिकडच्या बायका फडकी उचलून बघणार. बाप नसलेल्या मुलीचं ताट हलकं होतं असं कुणी म्हटलं, तर आई म्हणते मी गल्लीत तोंड दाखवणार नाही.

जप. लोभ पत्रातून दिसू दे, नुसता मनात ठेवू नकोस.
तुझी आई, आणि हात दुखलेली सौसन


खारगा
ता. १८ फेब्रुवारी १९७९

ती. आईस,
बुसैनाचा सा. सलाम वि. वि. चि. सौसनला गोड पापा.

खोकला गेला. आई, रागावू नकोस, पण मी शेतकी कॉलेजात चार वर्षं घालवली ती काय भिंतीची माफी मागायला? आपल्या घराण्यात मी पहिली पदवीधर. माझ्याच गच्चीवर कोंबड्या मरत असतील तर मी इथल्या मुलींना कोणत्या तोंडाने शिकवू? ते जनावर ना नवरी, ना कुणाची सवत. त्याला भूक लागते आणि फट सापडते, एवढंच. जिथून त्याचं डोकं जातं तिथून सगळं अंग जातं. म्हणून फटच ठेवायची नाही.

आमच्या शाळेचे लेखनिक रजेवर फयूमला येत आहेत, त्यांच्याबरोबर बारीक डोळ्यांच्या जाळीचं भेंडोळं पाठवते आहे. खुराड्याच्या चारी बाजूंनी लावायची. खाली विटांचा थर द्यायचा, नुसती माती नको. दाराला आतून फळी आणि बाहेरून कडी. सूर्य बुडायच्या आत पक्षी आत. आणि किती पक्षी उरले ते नीट मोजून कळवा.

माझ्या वर्गातल्या मुलींनी शाळेच्या मागे भाजीचा वाफा केला आहे. पहिल्या दिवशी त्यांचे बाप कुंपणापाशी उभे राहून हसत होते. आता तेच पाणी आणून देतात. आई, हे बघितलं की वाटतं, मी इतक्या लांब आले ते फुकट नाही.

सौसन, तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला सांग, जाळी ठोकता आली तरच मुलगी मिळेल.

माया कमी करू नका.
बुसैना


कफ्र नख्ला
ता. २० मार्च १९७९

चि. बुसैनास,
आईचे अ. उ. आ. वि. वि.

जाळी पोचली. रजब शुक्रवारी नोकरीच्या गावाहून, तांत्याहून आला होता, त्याने ठोकून दिली. रेल्वेच्या कारखान्यात इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, त्यामुळे खुराडं असं झालं आहे की त्याला शिट्टी लावली तर चालू लागेल. आईने त्याला जेवू घातलं आणि तो गेल्यावर म्हणाली, हाताला सावकाश आहे, पण काम पक्कं.

पक्षी मोजून कळवायला आई साफ नाही म्हणते. मोजलेल्याला नजर लागते, हे पदवी घेताना विसरलीस का, असं विचारते. अल्लाहने दिलेत तेवढे आहेत, लिही.

पण आता बदकं जायला लागली. कोंबड्यांना धक्का नाही आणि बदकं मात्र जातात. ज्यांना आई रोज मांडीवर घेऊन भिजवलेल्या घेवड्याच्या बिया बोटाने घशात सारते, तीच. पहिल्यांदा काळं गेलं, मग पांढऱ्या गळ्याचं, आणि या आठवड्यात जोडीने दोन. आई म्हणते नवरीबाईला तुझ्या जाळीमुळे अपमान वाटला असेल. ताट अर्धं राहिलं तर लग्न धाकट्या, रमजानच्या ईदनंतर करू, तोवर नवी पिल्लं वाढतील, असंही म्हणते. रजबच्या आईला तिने तसा निरोप दिला आहे.

मी बरी आहे. विशेष काही नाही.

लोभ राहू दे.
आई, लिहिणार सौसन


खारगा
ता. २ एप्रिल १९७९

ती. आईस सा. सलाम वि. वि.

मी मजेत आहे. वाफ्यात मुळे आले, मुलींनी पहिली जुडी मला दिली. तुझ्या गुडघ्यांना तेल चोळत जा. सौसन, आईला इथपर्यंतच वाचून दाखव आणि मग उठून पाणी आण, म्हणजे तिला वाटेल की पत्र संपलं.

आता तुझ्यासाठी. सौसन, वीतभर जनावर चार कोंबड्या मारून तिथेच टाकून जातं, कारण ते त्या उचलू शकत नाही. तेच जनावर आईने भरवलेलं बदक जाळीतून, फळीतून, कडीतून कसं नेईल? रक्त नाही, पीस नाही. कडी बाहेरून उघडली गेली आहे आणि ज्याने उघडली त्याला बदकं ओळखतात, म्हणून ती ओरडली नाहीत. आईचे गुडघे रात्री जिना चढू देत नाहीत. मग उरलं कोण?

मी रागावलेली नाही गं. मला एवढंच सांग, रजब वाईट आहे का? तुझ्यावर कुणी जबरदस्ती केली का? तसं असेल तर मी मिळेल ती बस धरून येते आणि सगळ्या गावाशी भांडते. तू एकटी नाहीस.

ताई


कफ्र नख्ला
ता. १४ एप्रिल १९७९

ती. ताईस,
सौसनचा सा. सलाम वि. वि.

पत्र वाचून मी खरंच पाणी आणायला गेले आणि माठाशीच बसून रडले.

रजब चांगला आहे. फार चांगला आहे, तीच तर अडचण. वाईट असता तर नाही म्हटलं असतं आणि सुटले असते. बदकं जिवंत आहेत, शपथ. माझ्या मैत्रिणीच्या, वहीदाच्या गच्चीवर टोपल्यांखाली आहेत. तिच्या आईला वहीदाने सांगितलं आहे की मावशीने पाठवली.

ताई, तू आईला एकटं जेवताना पाहिलेलं नाहीस. गेल्या वर्षी मी चार दिवस काकाकडे होते. परत आले तर चूल तशीच गार. भाकरी आणि खारवलेलं चीज, तेही उभ्याउभ्या, जिन्याच्या पायरीवर. विचारलं तर म्हणाली, एकटीसाठी कुणी पातेलं खरकटं करतं का? आता मी तांत्याला गेले की रोज तेच. तुला आधी जायला मिळालं. मला म्हणायचं नाही, पण तू गेलीस म्हणून मला जाता येत नाही.

सांगू नकोस तिला.
सौसन


खारगा
ता. २५ एप्रिल १९७९

चि. सौसन,
अ. आ. वि. वि.

तुझं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ते खरं आहे. मी इथे येताना स्वतःला सांगितलं होतं की मी देशाच्या मुलींसाठी जाते आहे. घरी आई कुणाबरोबर जेवेल, हा प्रश्न मी तुझ्या अंगावर टाकला आणि त्याला नावसुद्धा दिलं नाही.

आज मी फयूमला बदली मागणारा अर्ज लिहिला आहे. वाफ्यातल्या मुलींना अजून सांगितलेलं नाही, जीभ उचलत नाही. उद्या अर्ज मुख्याध्यापिकेच्या हातात देईन. बदली होईपर्यंत बदकं वहीदाकडेच राहू देत. शिकलेली बहीण तुला हे सांगते आहे, हसू नकोस.

तुझी,
ताई


कफ्र नख्ला
ता. ५ मे १९७९

चि. बुसैनास,
आईचे अ. उ. आ. वि. वि.

या वेळी अक्षर वेगळं दिसेल. लिहिणारा रजब आहे. तो सुट्टीवर आला आहे, सौसन दळणाला गेली आहे आणि मला जे सांगायचं ते तिच्या हातून लिहून घेववत नाही. रजबला शपथ घातली आहे.

तुम्ही दोघी मला काय समजता गं? संध्याकाळी मी गच्चीवर पक्ष्यांना हाक मारते. माझी हाक माझी आहे, उम्म वहीदाची तिची. बदक काय परक्याच्या टोपलीखाली गेलं म्हणून आपल्या बाईचा आवाज विसरतं? पहिलं काळं गेलं त्याच संध्याकाळी मी इकडून हाक घातली आणि त्याने तिकडून ओ दिली. मी गुपचूप खाली उतरले. नंतर रोज हाक मारायची आणि रोज ती तिकडून उत्तर द्यायची. बिचारी उम्म वहीदा तर कानांवर हात ठेवायची.

मी बोलले नाही, कारण मला बरं वाटलं होतं. एक बदक गेलं की वाटायचं, पोरगी आणखी थोडे दिवस राहिली. ईदचा निरोप मीच धाडला, कुणी सांगितलं नव्हतं.

परवा सौसन झोपेत रडली. उठवलं तर सगळं ओकली, तुझ्या अर्जाचंही. तेव्हा मला माझीच लाज वाटली. एका मुलीने नवरा टाकायचा, दुसरीने शाळा टाकायची, कशासाठी, तर म्हातारीला पातेलं घासायचा आळस म्हणून? मी काय टोपलीखाली झाकलेली कोंबडी आहे? काल भर उन्हात वहीदाच्या दारातून बदकं काखेत घेऊन आले, सगळी गल्ली बघत होती. विचारणाऱ्यांना सांगितलं, माहेरी गेली होती, परत आणली.

लग्न गहू निघाल्यावरच, ठरल्या गुरुवारी. अर्ज दिला असशील तर परत माग, माझं नाव सांग. आणि दोन दिवस आधी ये, बदकं सोलायला मला माणूस लागेल. सौसनला तिचंच ताट करू देत नाहीत. तू पुन्हा खारग्याला गेलीस की शुक्रवारी शुक्रवारी मी उम्म वहीदाकडे जेवेन. तिला तसं सांगितलंय. ती म्हणाली, तुझी बदकं इथे होती तेव्हा तूही यायचं होतंस.

माया असू दे, आणि खोकला पुन्हा आला तर लपवू नकोस.
आई

ता. क. मोठ्या ताईंना रजबचा सलाम वि. वि. पत्र लिहून झाल्यावर तुमच्या आईंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा ‘मला बरं वाटलं होतं’ इथे आल्यावर त्या म्हणाल्या, ते तेवढं खोड, पोरींना कळायला नको. मी त्यांच्यासमोर खोडलं. पण एकच रेघ मारली आहे, तीही बारीक.